मास्तरांची माफी

"विकास तालुक्याचा होतो. माणसाचं नुसतं वय होतं."

आमच्या डॉक्टरांनी हे मला एका म्हशीच्या मागे उभं राहून सांगितलं. त्यांचा डावा हात खांद्यापर्यंत म्हशीच्या आत होता आणि ती गाभण आहे की नाही, हे ते चाचपून बघत होते. अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प राहावं. मी मात्र विचारलं होतं, की 'राखीव गडी' मालिकेतल्या मास्तरांच्या व्यक्तिरेखेचा विकास तुम्हाला कसा वाटतो. मी पुण्याला मराठी घेऊन बी.ए. झालो होतो आणि 'व्यक्तिरेखेचा विकास' हे शब्द मी कुठंही काढू शकत असे. गोठा असो की एसटी स्टँड, माझं काही अडायचं नाही. माझा प्रश्न संपला तशी म्हशीनं शेणानं भरलेली शेपटी माझ्या तोंडावर मारली. डॉक्टर न हसता म्हणाले, "बघ. ह्यांनाही पटलेलं नाही."

ते जनावरांना अहो-जाहो करायचे आणि माणसांना अरे-तुरे. गाईचा मालक दुखणं सांगायला लागला, की त्याचं सगळं ऐकून घ्यायचे, आणि मग "तुझं झालं, आता ह्यांना विचारू" म्हणून गाईकडं वळायचे. दूध संघाचे डॉक्टर असून दुधाचा थेंब त्यांना चालत नसे. कुठल्याही वस्तीवर गेलं, की कोरा चहा. कुणी कारण विचारलंच तर म्हणायचे, दूध कुठून आणि कसं निघतं ते मी रोज बघतो. मला त्यांनी पहिल्याच दिवशी 'साहित्यिक' असं नाव ठेवलं. मला ते कौतुक वाटलं. ते कौतुक नाही, हे कळायला मला पावसाळा उलटावा लागला.

गोष्ट नव्वदीच्या दशकातली. पुणे-नगर रस्त्यावर सुप्याच्या अलीकडं एक धाकटा दूध संघ होता. आता तो उरलेला नाही, त्याच्या आवारात सिमेंटचे पाइप रचून ठेवलेले असतात. त्या संघाच्या पशुवैद्यकीय विभागात मी 'विस्तार सहायक' होतो. डॉक्टरांबरोबर जीपमधून गावोगाव फिरायचं आणि संघाच्या मासिक पत्रकात शेतकऱ्यांसाठी लेख लिहायचे, हे माझं काम. लसूणघासावरच्या माझ्या पहिल्या लेखात पहाटेचं वर्णनच दोन परिच्छेद होतं. डॉक्टरांनी त्यातलं एकच वाक्य छापायला ठेवलं: 'घास कापताना विळा धारदार असावा.' खाली माझं नाव मात्र पूर्ण छापलं. नगरला माझ्या मावशीनं ते कात्रण जपून ठेवलं होतं. एका ओळीचं कात्रण कापायला तिला किती त्रास झाला असेल, याचा मी विचार केला नव्हता.

विभागात शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी एक रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर होता. दर गुरुवारी संध्याकाळी त्याच टीव्हीवर आम्ही 'राखीव गडी' बघायचो. एका लहान गावाच्या कायम हरणाऱ्या कबड्डी संघाची ती विनोदी मालिका. संघाचे मास्तर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. जन्मात कबड्डी न खेळलेले, पण मैदान दणाणून सोडणारे. त्यांचा सगळ्यात चांगला चढाईपटू नामा. आणि बाकड्यावर टॉवेल घेऊन बसलेला एक राखीव गडी, ज्याला कधीच खेळायला मिळत नाही. मला या राखीव गड्याबद्दल फार जवळीक वाटायची. डॉक्टरांच्या मते त्यात नवल काहीच नव्हतं.

बघणारे आम्ही मोजके. डॉक्टर, मी, आमचे ड्रायव्हर मामा आणि लॅबच्या मॅडम. मॅडम एम.एस्सी. होत्या, संघाच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. दुधाची आणि जनावरांच्या रक्ताची तपासणी त्यांच्याकडं असे. नगरहून रोज एसटीनं यायच्या, गुरुवारी मालिकेपुरत्या थांबून नंतरची गाडी धरायच्या. डॉक्टरांना अख्खा संघ दबून असे, मॅडम सोडून. मालिका चालू असताना बोलायचं नाही, हा डॉक्टरांचा नियम होता. जाहिराती लागल्या, की ते व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे. साबण विकणाऱ्या बाईच्या तोंडाकडं बघून मास्तर डोक्यातून जातो, असं त्यांचं म्हणणं. मालिका संपली, की वाद. तो शिपाई किल्ल्या वाजवेपर्यंत चालायचा आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यागोठ्यातून पुढं चालू राहायचा. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या शेतकऱ्यांना नामाची चढाई आणि स्तनदाह यांची माहिती एकाच वेळी मिळालेली आहे.

त्या काळी दूरदर्शन मालिकेला तेरा-तेरा भागांची मंजुरी द्यायचं. पहिले तेरा झाले, दुसरे तेरा झाले. तिसऱ्यांदा तेरा भाग मिळाल्याची बातमी मी उत्साहानं सांगितली, तेव्हा ड्रायव्हर मामा म्हणाले, "तिसऱ्यांदा तेरावं घालत्यात, म्हंजी गेलेलं मानूस लई मोठं आसंल."

एकदा डॉक्टर गुरुवारी फिरतीवर अडकणार होते, म्हणून त्यांनी मला भाग टेप करून ठेवायला सांगितलं. कोरी कॅसेट सापडेना. मी हाताला लागली ती घातली. पुढच्या आठवड्यात एका गावात महिला दूध उत्पादकांचं शिबिर होतं. संघाचे अध्यक्ष स्वतः दीपप्रज्वलनाला आले होते. 'स्वच्छ दूध निर्मिती' हा माहितीपट सुरू झाला. एका गाईची कास कोमट पाण्यानं धुऊन झाली, पुसून झाली, आणि पडद्यावर एकदम मास्तर अवतरले. ते नामाला मैदानाबाहेर हाकलत होते. मी व्हीसीआरकडं धावलो, पण वायरीत पाय अडकून पहिल्या रांगेतल्या बायकांपुढं पालथा पडलो. तेवढ्यात अध्यक्षच म्हणाले, राहू द्या. भाग संपल्यावर त्यांनी डॉक्टरांना विचारलं, की ह्या पोराला का हाकललं. डॉक्टर उभे राहिले आणि त्यांनी सगळं समजावून सांगितलं. अंतिम सामन्याआधी आपला डाव विरुद्ध संघाला कुणी फोडला, तर मास्तर म्हणतात नामानं. खरं म्हणजे मास्तरच न्हाव्याच्या दुकानात दाढी करता करता सगळं बरळले होते, पण ते त्यांच्या ध्यानात नाही. बायकांत लगेच दोन पक्ष पडले. आभारप्रदर्शन राहून गेलं. त्यानंतर गावागावातून आमच्या शिबिरांची मागणी वाढली. माझ्या वार्षिक अहवालात मी त्याचं श्रेय माझ्या लेखांना दिलं.

तर तिसऱ्या तेरांमधला मास्तरांच्या माफीचा भाग. मास्तरांना न्हाव्याकडूनच खरं काय ते कळतं. ते नामाच्या घरी जातात, उंबऱ्यावर बसतात, ढसाढसा रडतात, त्याचे पाय धरतात. नामा त्यांना उठवून मिठी मारतो. मागं सनई. मी सर्दी झाल्याचं सोंग करून रुमाल काढला. ड्रायव्हर मामा उघड रडत होते. डॉक्टरांनी नावं यायच्या आत उठून टीव्ही बंद केला.

"खोटं आहे," ते म्हणाले.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्या माणसानं आजवर कुणाला 'जरा चुकलं' एवढंही म्हटलेलं नाही, तो एका दुपारीत पाय धरत नाही. तो फार तर नारळ घेऊन जाईल, दारात उभा राहील, पाऊसपाणी विचारेल, नारळ ठेवून परत येईल. मी म्हणालो, की पश्चात्तापानं माणूस उजळून निघतो आणि प्रेक्षकाचं भावविरेचन होतं. डॉक्टरांनी मला थांबवलं. "विरेचन आम्ही पण देतो, बैलाला. एरंडेल लागतं. तू काय दिलंस?"

मॅडम तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, की तुम्हा दोघांचं मास्तरांवरच चाललंय. नामा एवढे दिवस गावात तोंड लपवून फिरला, त्याला काय वाटलं ते कुणी विचारलं का? मास्तर रडले, की यानं लगेच मिठी मारायची, हे कुणी ठरवलं?

डॉक्टर म्हणाले, तो मुद्दा वेगळा. माझा मुद्दा एवढाच, की माणूस बदलत नाही.

"बदलतो," मॅडम म्हणाल्या. "माझे आजोबा बदलले."

त्यांनी ते अगदी साध्या आवाजात सांगितलं. त्यांच्या गावात मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम त्यांच्या घराकडं होतं. छप्पन साली आजोबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आल्यावर थोड्याच दिवसांत निरोप आला, की अमक्याचा बैल मेलाय, या. आजोबा म्हणाले, येणार नाही. त्याआधी त्यांनी गावात कुणाला 'नाही' म्हटल्याचं आजीला आठवत नव्हतं. पुढं त्यांचं पाणी तोडलं, मजुरी तोडली. आजोबा गेले नाहीत ते नाहीतच.

ड्रायव्हर मामांनी डोळे पुसायचे थांबवले. डॉक्टरांनी खुर्ची मॅडमकडं वळवली. त्यांचं गाव तिकडं जामखेड तालुक्यात, खर्ड्याजवळ. स्वतःच्या घराबद्दल ते कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलले. त्यांच्या लहानपणी त्यांच्याही दारात बैल मेला होता आणि ओढायला कुणी आलं नव्हतं. वडील दिवसभर दारात उभं राहून शिव्या देत होते. बैलाला वास सुटला. शेवटी घरच्यांनीच दोर बांधला आणि यांनाही धरायला लावला. "मेलेला बैल किती जड असतो, ते मला तेव्हा कळलं," डॉक्टर म्हणाले. "त्याआधी आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं."

मग म्हणाले, "तुमचे आजोबा बदलले. आमचे वडील मरेपर्यंत त्या लोकांना शिव्या देत गेले. दोन्ही खरं आहे. पण हा मास्तर खोटा आहे."

या ठिकाणी समारोप करणं माझं कर्तव्य आहे, असं मला वाटलं. मी म्हणालो, "म्हणजे सामाजिक परिस्थितीच्या रेट्यानं व्यक्तिरेखा..." दोघांनी एकाच वेळी माझ्याकडं पाहिलं. ड्रायव्हर मामा उठून जीप चालू करायला गेले.

पुढच्याच आठवड्यात आम्ही आक्कांच्या वस्तीवर गेलो. आक्का विधवा बाई, गोठ्यात सात-आठ संकरित गाई, सगळा कारभार एकटीचा. त्यांची एक गाय गाभडली होती. एका आईच्या दोन गाई, थोरली आणि धाकटी, दोन्ही काळ्या-पांढऱ्या. थोरलीनं गाभ टाकला होता. धाकटी गाभण होती आणि तिच्या शेजारीच बांधलेली. गाभ पाडणाऱ्या रोगाची लागण एकीकडून दुसरीकडं जाते, म्हणून डॉक्टरांनी दोघींच्याही मानेच्या शिरेतून रक्त घेतलं आणि दोन काचेच्या नळ्या शर्टाच्या दोन खिशांत ठेवल्या. हे सगळं चालू असताना मास्तरांवरचा वाद अखंड चालू होता. मी म्हणत होतो, की नारळ घेऊन जाणारा मास्तर प्रेक्षकाला चटका लावणार नाही. डॉक्टरांनी मग तो नारळवाला मास्तर करूनच दाखवला. हातात नसलेला नारळ धरून ते गोठ्याच्या दारातून आत आले, पाऊसपाणी विचारलं, नारळ ठेवला, परत गेले. अभिनय उत्तम झाला. मी टाळ्या वाजवल्या, त्यानं एक गाय बिथरली. मग त्यांनी नळ्या काढून त्यांच्यावर नावं लिहिली.

लॅबमधून निकाल आला, की थोरली निरोगी, धाकटीला लागण. डॉक्टरांना जरा चमत्कारिक वाटलं, पण पाय घसरून पडल्यानं थोरलीनं गाभ टाकला असेल, असं त्यांनी धरलं. धाकटीला लांब बाभळीखाली बांधायला सांगितलं, तिचं गोठ्यात येणं बंद. थोरली राहिली सगळ्यांच्यात. महिना-दीड महिन्यानं गोठ्यातली आणखी एक गाय गाभडली. आता डॉक्टरांनी दोघींचं रक्त पुन्हा घेऊन पुण्याला पाठवलं. पुण्याचा निकाल बरोबर उलटा आला.

संघाच्या मासिक सभेत, अध्यक्ष, संचालक आणि गावोगावचे सचिव बसलेले असताना, डॉक्टरांनी तो कागद टेबलावर आपटला. आपली लॅब काय कामाची, असं विचारलं. एका विधवा बाईचं वासरू तुमच्या निष्काळजीपणानं गेलं, असं मॅडमच्या तोंडावर म्हणाले. मॅडम उभ्या राहिल्या. "सर, नळीवर ज्या गाईचं नाव होतं, तिचा निकाल मी दिला," एवढंच बोलून त्या बसल्या. आठवड्याच्या आत त्यांची पठारावरच्या दूध शीतकरण केंद्रावर बदली झाली. तिथं कॅनमधलं दूध मोजायचं आणि त्याचं फॅट तपासायचं, म्हणजे त्यांच्या शिक्षणाच्या मानानं काहीच नाही. नगरहून दोन एसट्या बदलून जावं लागायचं, आणि घरी मुलगी लहान. गुरुवारी आम्ही तिघंच राहिलो. डॉक्टर वाद घालेनात. मी एकट्यानंच दोन्ही बाजू मांडून बघितल्या आणि दोन्हीकडून हरलो.

त्यानंतर एका दुपारी आम्ही सुप्याच्या चौकात चहाला थांबलो. टपरीवाला 'राखीव गडी'चा भक्त. त्यानं मास्तरांच्या रडण्याची तारीफ सुरू केली, तशी डॉक्टरांची कळी कितीतरी दिवसांनी खुलली. खरा मास्तर कसा गेला असता, हे ते त्याला करून दाखवायला लागले. खिशात दुसऱ्या कुठल्या गाईच्या रक्ताच्या नळ्या होत्या. नारळ ठेवायला वाकायचं, तर खिशातल्या नळ्या पडतील. म्हणून त्यांनी दोन्ही काढून एका हातात घेतल्या. वाकून झाल्यावर डाव्या खिशातली उजवीकडं घातली आणि उजव्या खिशातली डावीकडं. हे सगळं बोलता बोलता, न बघता. आणि ते तिथंच थांबले. टपरीवाला पुढच्या वाक्याची वाट बघत होता. डॉक्टर आपल्या दोन हातांकडं बघत होते.

जीपमध्ये बसल्यावर ते म्हणाले, "आक्काच्या नळ्या मी उलट्या केल्या."

आता माझं कर्तृत्व सांगतो. मालिकेतला प्रसंग प्रत्यक्षात घडणार, म्हणून माझ्या अंगावर काटा आला होता. साम्य दिसलं, की मला राहवत नसे. मी त्याच संध्याकाळी डॉक्टरांसाठी माफीचं भाषण लिहून काढलं आणि दुसऱ्या दिवशी पठाराच्या रस्त्याला लागल्यावर जीपमध्ये वाचून दाखवलं. 'ज्या हातांनी आजवर मुक्या जिवांना जीवदान दिलं, त्याच हातांनी एका निष्पाप सहकाऱ्याच्या आयुष्यात अंधार केला' अशी सुरुवात होती. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "ह्यात नळ्या कुठं आहेत?"

नळ्या नव्हत्या. मी कागद घडी करून ठेवला.

शीतकरण केंद्रावर दुधाची रांग लागली होती. पठारावरचा वारा, पत्र्याची शेड, कॅनचा खणखणाट. मॅडम टेबलाशी उभ्या राहून एकेकाच्या दुधात काचेचा मापक सोडून डिग्री बघत होत्या. डॉक्टर सरळ पुढं जातील असं मला वाटलं. ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. हातात ना कॅन, ना किटली. पुढचे शेतकरी वळून वळून बघायचे, जागा द्यायचे. हे मानेनंच नको म्हणायचे. मी त्यांच्या मागं उभा, म्हणजे माझ्याकडंही दूध नव्हतंच. माझ्या मागचा माणूस मला म्हणाला, "तुमचं किती लिटर?" मी म्हणालो, आम्ही बोलायला आलोय. तो म्हणाला, मग रांगंत कशाला?

नंबर आला. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आक्काच्या गाईंच्या नळ्या मीच उलट्या केल्या होत्या. बोलण्याच्या नादात. तुमचा निकाल बरोबर होता."

मॅडमनी आधीच्या माणसाची पावती पुरी केली आणि त्याला दिली. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं, सर. माझ्या हातून उलटं होत नाही. पण हे तुम्ही मला इथं सांगताय. बोललात तिथं, सगळ्यांसमोर."

"तिथं सांगणारच आहे. आधी तुम्हाला सांगावं म्हणून आलो."

"बरं."

मी वाट बघत होतो. आणखी काहीच होईना, तेव्हा मी मागून हळूच म्हणालो, "डॉक्टर, माफी." ते मॅडमना ऐकू गेलं. त्या माझ्याकडं न बघता डॉक्टरांना म्हणाल्या, "माफीचं राहू द्या. मी केली असं मी आज म्हणणार नाही. मला माझी लॅब परत पाहिजे. मुलगी उठायच्या आत घर सोडते मी." मग आमच्या मागं बघून त्यांनी विचारलं, "आणखी काही? लोक थांबलेत."

परत येताना डॉक्टरांनी जीप आक्कांच्या वस्तीकडं वळवायला सांगितली. तिथंही त्यांनी तेच वाक्य सांगितलं. आक्का ऐकून घेऊन म्हणाल्या, "गेलेलं वासरू काय तुमी आनून देनार हाय व्हय?" डॉक्टर नाही म्हणाले. आक्का आत गेल्या. आता बाई काय घेऊन बाहेर येते, म्हणून मी जीपच्या जवळ सरकलो. त्या कोरा चहा घेऊन आल्या. डॉक्टरांनी उभ्यानं पिऊन कप विसळून ठेवला.

पुढच्या मासिक सभेच्या आधीच अध्यक्षांनी त्यांना बाजूला घेतलं होतं. झालं ते मिटलं, आता उकरलं तर संघाचं नाव जातं, मॅडमना काही दिवसांनी आपण आणूच, असं सांगितलं होतं. डॉक्टर सभेत उभे राहिले. चूक दुसऱ्याची आहे म्हणालो तेव्हा सगळे होते, तर आता माझी आहे हेही सगळे ऐका, म्हणाले. नळ्या कशा बदलल्या ते त्यांनी खिशांना हात लावून दाखवलं. नारळाचं मात्र सांगितलं नाही. माझंही नाव घेतलं नाही. त्या वेळी समोर उभा राहून वाद घालणारा मी होतो, हे त्यांना सांगण्यासारखं वाटलंच नाही. म्हणजे माझ्या युक्तिवादाचा त्यांच्यावर काडीचा परिणाम झालेला नव्हता. मला त्याचं तेव्हा खरोखर वाईट वाटलं होतं. अध्यक्ष म्हणाले, बसा. डॉक्टर म्हणाले, मॅडम लॅबमध्ये परत येईपर्यंत मी एकाही रक्ताच्या नमुन्यावर सही करणार नाही. सभेत कुणीतरी हसलं आणि थांबलं.

मॅडम परत आल्या. डॉक्टरांना लेखी ताकीद मिळाली. विभागप्रमुखाची जागा त्या वर्षी भरायची होती आणि ती त्यांचीच, असं सगळे धरून होते. ती बाहेरून आणलेल्या एका माणसाला दिली. डॉक्टरांनी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं, तू गुरुवारी संध्याकाळी काय करतोस. तो म्हणाला, पूजा. तो विषय तिथंच संपला.

मॅडम गुरुवारी थांबायच्या बंद झाल्या. कामाचं बोलायच्या, नीट बोलायच्या, पण मालिकेच्या वेळेला पर्स उचलून स्टँडवर जायच्या. डॉक्टरांनी त्यांना कधी थांबा म्हटलं नाही. 'राखीव गडी'ला चौथे तेरा भाग मिळाले नाहीत. शेवटच्या भागात राखीव गड्याला एकदाचं मैदानात घेतलं आणि पहिल्याच चढाईत तो बाद झाला. डॉक्टर म्हणाले, हे एक खरं दाखवलं.

मात्र त्या सभेनंतर मी एक गोष्ट बघत होतो. गाईच्या मानेला सुई लावली, की डॉक्टर बोलायचे थांबायचे. वाक्याच्या अर्ध्यात असले तरी. नळी भरायची, बूच लागायचं, तिथल्या तिथं नाव लिहून व्हायचं, ते नाव मालकाला मोठ्यानं वाचून दाखवायचे, आणि मगच अर्धं वाक्य जिथं सोडलं होतं तिथून उचलायचे. शेतकऱ्यांना ते विचित्र वाटायचं. मी मुद्दाम एक-दोनदा मधेच मास्तरांचा विषय काढून बघितला. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मला वाटलं, वाद मी जिंकला. परतीच्या वाटेवर मी त्यांना तसं सांगितलं. म्हणालो, माणूस बदलत नाही म्हणत होता, आणि तुम्ही स्वतःच बदललात. 

"बदललो नाही रे," ते म्हणाले. "भ्यालो."

हे वाक्य मला इतकं मोठं वाटलं, की ते मॅडमना सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी नमुन्यांची पेटी द्यायच्या निमित्तानं मी लॅबमध्ये गेलो. मी त्यांना सगळं सांगितलं. सुई, अर्धवट तोडलेलं वाक्य, मोठ्यानं वाचलेलं नाव, आणि शेवटी जरा थांबून ते दोन शब्द. मग विचारलं, की व्यक्तिरेखेच्या दृष्टीनं हा बदल म्हणायचा, की नुसती भीती? मॅडम काचेच्या पट्टीवर थेंब सोडत होत्या. तो सोडून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं.

"नळी भरताना गप्प बसतात ना ते?"

"हो."

"मग तुम्ही त्याला काहीही म्हणा. गाईला काय फरक पडतो?"

मी त्यांचे आभार मानून बाहेर आलो. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, की नमुन्यांची पेटी माझ्याच हातात आहे. परत आत जायचा धीर होईना. ती मी ड्रायव्हर मामांच्या हाती पाठवून दिली.